बाकी गाडी एक नंबर

1940 साली अमेरिकी लष्कराला एक छोटी, हलकी, चारही चाकांना जोर देणारी गाडी तातडीनं हवी होती. बॅन्टम नावाच्या एका डबघाईला आलेल्या कंपनीनं ते काम अंगावर घेतलं. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्यानं दोनेक दिवसांत आराखडे काढले आणि ठरलेल्या 49 दिवसांच्या मुदतीत, 23 सप्टेंबरला, चालती गाडी लष्कराच्या दारात उभी केली. या गाडीची पुण्यात राहणारी एक नात दिवाळीच्या आधी पुढच्या ब्रेकचे दोन सिलिंडर बदलण्यासाठी मेस्त्रीकडे सोडली होती. आता बाजारात हापूस आलाय. सिलिंडर यायचे आहेत.

मालक दर शनिवारी फोन करतो. मेस्त्रीचं उत्तर ठरलेलं असतं.

"साहेब, फक्त ब्रेकचं राहिलंय. बाकी गाडी एक नंबर."

ज्या गाडीला ब्रेक नाहीत तिचं बाकी सगळं एक नंबर असणं ही खरं तर काळजीची गोष्ट. पण मालकाला ते ऐकून बरं वाटतं, आणि पुढचा शनिवार उजाडेपर्यंत तो घरात गुणगुणत फिरतो.

हा मालक म्हणजे कुणी एक गृहस्थ नव्हे. ही जमात आहे. ती कोल्हापुरात आहे, नाशकात आहे, नागपुरात आहे, पणजीतही आहे. वय चाळिशीपुढं, काम दिवसभर खुर्चीत बसून करायचं, त्यामुळे कंबर धरलेली. डॉक्टरांनी धक्के टाळायला सांगितलेले असतात, आणि त्यानं नेमके चारही चाकांना पाटे असलेले धक्के विकत घेतलेले असतात. याचं कारण त्याच्या लहानपणात सापडतं. गावात तहसीलदारांची जीप यायची, धुरळा उडवत चावडीसमोर थांबायची, आणि निघाली की गावातली सगळी पोरं वेशीपर्यंत तिच्या मागं पळायची. बाकीची पोरं वेशीवरून परत फिरली. हा पळतच राहिला आणि तीसेक वर्षांनी एका सरकारी लिलावात त्यानं ती गाठली. दुर्दैवानं तोवर जीप दमली होती.

दमलेल्या जीपचं एक बरं असतं. ती स्वतः बंद असली तरी तिचा इतिहास चालू राहतो. गणपतीच्या दर्शनाला आलेल्या पाहुण्यानं गॅलरीतून खाली बघत "ही जीप कुणाची हो?" एवढं विचारायचा अवकाश. मोदक ताटात पडेपर्यंत त्याला कळतं, की 1945 मध्ये लुधियानात सुरू झालेल्या कंपनीचं मूळ नाव महिंद्रा अँड मोहम्मद असं होतं. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढं गव्हर्नर-जनरलही झाले. मग 1948 मध्ये मोहम्मदच्या जागी दुसरा महिंद्रा आला, एम अँड एम ही अक्षरं मात्र तशीच राहिली. पाहुणा मोदकावर तूप घेतो तोवर मालक मुंबईत माझगावला पोचलेला असतो, जिथं अमेरिकेहून सुट्या भागांत आलेल्या विलीज कंपनीच्या जीपा जोडायला सुरुवात झाली.

"आता मला सांगा, सीजे-3बीचं बॉनेट इतकं उंच का?"

पाहुण्याला हा प्रश्न जन्मात कधी पडलेला नसतो. पण उत्तर मिळाल्याशिवाय दुसरा मोदक मिळणार नाही हे त्याला दिसतं. तर, विलीजनं 1953 साली या जीपमध्ये हरिकेन इंजिन घातलं. या इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह डोक्यावर गेले, म्हणून इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेट उंच करावं लागलं. अमेरिकेत हे मॉडेल 1968 मध्ये बंद झालं. आपल्याकडे ते पुढं कित्येक वर्षं निघत राहिलं. जी गाडी अमेरिकेला जमेनाशी झाली ती आपण चालवली, असा मालकाचा सूर असतो. त्याची पत्नी आतून म्हणते, "चालवली कुठं? ढकलली."

खरी गंमत 1985 नंतरच्या एमएम 540 मध्ये आहे. तिला इंजिन मिळालं प्यूजो या फ्रेंच कंपनीचं, 2112 सीसीचं डिझेल. फ्रेंचांचं सगळं मिलिमीटरमध्ये. खालचा सांगाडा, एक्सेल, गिअरच्या पेट्या या मात्र विलीजच्या घराण्यातल्या, म्हणजे इंचात. बॉनेट उघडलं की फ्रान्स, खाली वाकलं की अमेरिका, आणि या दोन्ही देशांत एकाच वेळी काम करणारा मेस्त्री मूळचा इचलकरंजीचा. 7/16 इंचाच्या बोल्टला अकरा नंबरचा पाना जात नाही आणि बारा नंबरचा पाना जागच्या जागी फिरतो. मालकानं म्हणून पान्यांचे दोन स्वतंत्र संच घेतले, वेगवेगळ्या पेट्यांत ठेवले, पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. पहिल्याच रविवारी सगळे पाने एकत्र झाले. मेस्त्रीनं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दोन्ही देशांना समजणारं एकच अवजार असतं आणि ते त्याच्याकडे होतं.

"छन्नी-हातोडी आण रे," तो पोऱ्याला म्हणाला.

सुट्या भागांचा शोध हा स्वतंत्र व्यवसाय आहे. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला. मालक ऑफिसातून "बँकेत जाऊन येतो" म्हणून निघतो आणि एका अरुंद दुकानाच्या फळीवर हात टेकून उभा राहतो.

"पुढच्या ब्रेकचा सिलिंडर पाहिजे."

"कुठली गाडी?"

"एमएम 540."

"कितीचं मॉडेल?"

"कागदावर 87."

"कागदाचं राहू द्या. पुढचा एक्सेल कुठला बसवलाय?"

हा प्रश्न जिव्हारी लागणारा असतो. जुन्या जीपचे आधीचे मालक चार, मेस्त्री सात, आणि प्रत्येकानं त्या दिवशी जे हाताशी होतं ते बसवलेलं. मागचं डिफरन्शियल एका गाडीचं, पुढचे हब दुसरीचे, रेडिएटर कुठल्या गाडीचा याबद्दल जाणकारांत एकमत नाही. दुकानदार शेवटी गल्ल्यामागच्या खुर्चीत मागं रेलून निकाल देतो.

"नमुना घेऊन या."

नमुना गाडीत आहे. गाडी मेस्त्रीकडे आहे. मेस्त्री म्हणतो, नवीन आल्याशिवाय जुना काढला तर गाडी हलवता येणार नाही, आणि गाडी हलवता आली नाही तर मागची रिक्षा बाहेर निघणार नाही. रिक्षावाल्याचं रोजचं पोट त्या रिक्षेवर आहे. अशा रीतीनं दोन छोट्या सिलिंडरांपायी एक अख्खी गल्ली थांबून राहते, आणि दोषी कुणीच नसतो.

जोंगा बाळगणाऱ्याचं दुःख याहून मोठं असतं, कारण गाडीच मोठी असते. जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली या भारदस्त नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून 'जोंगा' तयार झाला. मूळ गाडी निसान पट्रोल. ती परवान्यावर जबलपूरला बनायची आणि लष्करात जायची. सहा सिलिंडर, जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन. जोंगा एका पंपावरून निघाली की पुढच्या पंपाची वाट बघू लागते. 1999 मध्ये तिचं उत्पादन थांबलं, आणि तेव्हापासून तिचे सुटे भाग हा जुन्या बाजारातल्या नशिबाचा खेळ झाला. 2019 मध्ये महेंद्रसिंग धोनीनं एक जुनी जोंगा घेतल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा जोंगावाल्यांच्या घरोघरी तो दिवस साजरा झाला.

"बघ, धोनीनंसुद्धा घेतली."

"त्याच्याकडे ती उभी करायला जागा आहे. आणि पेट्रोलला पैसेही."

त्यानंतर धोनीचा विषय घरात निघालेला नाही.

उभी करायच्या जागेचा मुद्दा सोसायटीतही निघतो. जुन्या जीपखालची फरशी कधीच कोरडी नसते. इंजिनखाली काळा डाग, त्याच्या मागं ट्रान्स्फर केसखाली मधाच्या रंगाचा आणि उग्र वासाचा डाग, चाकाच्या आतल्या अंगाला ब्रेक ऑइलचा पातळ ओघळ. मालक सकाळी उठून आधी हे डाग वाचतो, मग पेपर. सेक्रेटरी मात्र डागांकडे सौंदर्यदृष्टीनं बघतात.

"तुमची गाडी कुठंतरी गळतेय बरं का."

"कुठंतरी नाही, तीन ठिकाणी. गेल्या महिन्यात पाच होती."

मालकाच्या आवाजातला अभिमान ऐकून सेक्रेटरी नोटीस खिशातच ठेवतात. मग फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा गाडीखाली पसरला जातो. रविवारी सकाळी मालक स्वतःच त्या पुठ्ठ्यावर उताणा पडून, हातात ग्रीसगन घेऊन, आत सरकलेला असतो. शॅकल, क्रॉस, टायरॉड अशा सगळ्या सांध्यांना ग्रीसच्या निप्पल आहेत, आणि जुन्या पुस्तकाप्रमाणे दर हजार मैलांनी त्यांना ग्रीस पाजायचं असतं. गाडी वर्षाकाठी हजार मैल चालत नाही, तरी ग्रीसिंग दर पंधरवड्याला होतं. शेजाऱ्यांना आता मालकाचा चेहरा नीटसा आठवत नाही, पावलं मात्र सगळे ओळखतात. वॉचमन, पेपरवाला, मेंटेनन्सचा चेक मागायला आलेले खजिनदार, सगळे त्या पावलांशी बोलतात आणि पावलं उत्तरं देतात.

आता चालवण्याविषयी. कारण असे दिवसही येतात.

जुन्या विलीज घराण्यातल्या तीन गिअरांच्या पेटीत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसतो. चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, जरा ॲक्सिलरेटर द्या, पुन्हा क्लच दाबा आणि मग टाका. एवढं झालं तर गिअर पडतो. नाही झालं तर आतून असा आवाज येतो की फुटपाथवरची माणसं दोन पावलं मागं सरकतात. हा विधी चौकात चालू असतो तेव्हा पुढची रिक्षा वळून गेलेली असते, मागचा दुचाकीवाला मालकाच्या घराण्याची चौकशी करून पुढं गेलेला असतो, आणि सिग्नल पुन्हा लाल झालेला असतो. स्टिअरिंगचं तंत्र वेगळंच. ते सरळ धरलं तर गाडी वळते. वळवलं तर विचार करते. मधल्या पाव फेऱ्यात काहीच होत नाही, आणि त्या पाव फेऱ्यात सराईत मालक मिशा नीट करून घेतो.

पेट्रोलची टाकी थेट ड्रायव्हरच्या बुडाखाली असते. लिटरला सात-आठ किलोमीटर मिळतात, त्यामुळे ती फार वेळ भरलेली राहत नाही एवढाच काय तो दिलासा. डिझेल गाडीत ही भीती नाही, दुसरी आहे. डिझेलचा काटा बहुधा दोनच गोष्टी सांगतो, पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी, आणि दोन्ही खोट्या. मग मालक टाकीत काठी बुडवून बघतो. एखाद्या दिवशी काठी घरी राहते आणि नेमकी त्याच दिवशी टाकी कोरडी पडते. पुढं डिझेल आणून ओतलं तरी भागत नाही, कारण लाइनीत हवा शिरलेली असते. फिल्टरचा बोल्ट सैल करायचा, हातपंप मारायचा, बुडबुडे संपून नुसतं डिझेल येईपर्यंत मारत राहायचा. रस्त्याच्या कडेला बायको-मुलांना बाभळीच्या सावलीत बसवून पंप मारणारा घामाघूम माणूस दिसला तर त्याच्याबद्दल हळहळू नये. त्याच्या आयुष्यातला तो सुखाचा तास असतो.

पण ज्याला खरा आनंद म्हणतात तो जुन्या विलीजच्या वायपरमध्ये आहे. हा वायपर विजेवर चालत नाही, इंजिनच्या ओढीवर चालतो. इंजिन हवा आत खेचतं, त्या पोकळीच्या जोरावर वायपर हलतो. गाडी निवांत चालली असेल तेव्हा तो तत्परतेनं हलतो. ॲक्सिलरेटर दाबला की ओढ कमी होते आणि तो मंदावत मंदावत थांबतो. जुलै महिन्यात, ताम्हिणी घाटात, चढावर, धुवाधार पावसात याचा अर्थ काय होतो तो बघा. चढायचं तर दिसत नाही, आणि बघायचं तर चढत नाही. प्रस्तुत लेखक अशा एका प्रवासात मालकाच्या शेजारी बसला होता. त्याच्याकडे एक फडकं देण्यात आलं आणि अर्धं अंग बाहेर काढून काच पुसण्याची कामगिरी सोपवण्यात आली. घाट संपेपर्यंत काच स्वच्छ झाली आणि लेखकही.

"विलीजनं पहिल्या लष्करी जीपांना हातानं फिरवायचा वायपर दिला होता," मालक कौतुकानं म्हणाला. "तुम्ही साक्षात 1941 चा अनुभव घेतलात."

एवढ्या सगळ्या खटाटोपात ज्या गोष्टीसाठी गाडी घेतली ती गोष्ट, म्हणजे चारही चाकांचा जोर, वर्षातून किती वेळा लागतो? तो लावायला मुख्य गिअरच्या शेजारी छोटे दांडे असतात. एक पुढची चाकं जोडण्याचा, दुसरा लो रेंजचा. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र फोर-व्हील जोडून चालवायचं नसतं. वळताना पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत, दोन्ही एकमेकांशी जखडलेली असली की सगळा ताण शाफ्टवर आणि पेटीवर येतो, आणि पेटी उघडायला किती खर्च येतो हे मालकाला पाठ असतं. त्यामुळे बहुतेक दिवस ते दांडे पाहुण्यांना दाखवण्यापुरते असतात. मालक रस्त्यानं जाताना चिखलाकडे ज्या आशेनं पाहतो त्या आशेनं शेतकरी आभाळाकडे पाहतो. खड्ड्यात पाणी साचलेलं दिसलं की गाडीचा वेग आपोआप कमी होतो, आणि मागच्या बाकावरून सूचना येते, "अहो, बाजूनं रस्ता आहे."

आणि मग एकदाचा तो दिवस उगवतो. मुळशीच्या पलीकडे, भातखाचरांना लागून गेलेली कच्ची वाट, गुडघाभर रेंदा. मालकानं खांदे सरळ केले. दांडा ओढला. खट्ट असा आवाज आला. ॲक्सिलरेटर दिला, मागची दोन चाकं गरागरा फिरली, चिखलाचा सडा मागच्या माणसांवर पडला आणि गाडी जागच्या जागी चार बोटं खाली बसली. पुढची चाकं शांत होती.

"हब लॉक केले होते का?" मागून कुणीतरी विचारलं.

पुष्कळ जुन्या जीपांना आणि जिप्सींना पुढच्या चाकांवर हे हब असतात. फोर-व्हील नको तेव्हा ते मोकळे ठेवले की पुढचा शाफ्ट विनाकारण फिरत नाही. हवी असेल तेव्हा मात्र खाली उतरून, प्रत्येक चाकापाशी वाकून, मधली चकती हातानं फिरवावी लागते. नुसता दांडा ओढून भागत नाही. हे काम चिखलात शिरण्याआधी करायचं असतं. मालकाला हे माहीत नव्हतं असं नाही. त्यानं त्यावर आम्हाला सकाळी नाश्त्याला व्याख्यान दिलं होतं. तो उतरला, मांडीपर्यंत आत गेला, आणि चिखलाखाली हात घालून चकती चाचपू लागला. गाडी हलकी व्हावी म्हणून बाकीच्यांनी उतरायला हवं होतं. प्रस्तुत लेखकाला हे पूर्णपणे पटलेलं होतं. तो आपल्या नव्या बुटांकडे पाहत जागीच बसून राहिला.

हब लागले. चारही चाकं फिरली. चारही चाकं खाली गेली.

बांधावर एक आजोबा मघापासून उभे होते. त्यांनी तंबाखू मळून तोंडात टाकली आणि मग विचारलं, "फोर बाय फोर हाय न्हवं ही?"

"आहे ना."

"चारीबी चाकं फिरत्यात?"

"फिरतात की."

"मग थांबा. आमचा टॅक्टर दोनच चाकांचा हाय, पन काढंल."

ट्रॅक्टर आला. जुना, लाल, हुड गंजलेलं. दोरी बांधली, एकच झटका, आणि जीप बाहेर. मालकाचा चेहरा पडला होता, पण ट्रॅक्टरवरचं नाव वाचून तो उजळला. इंटरनॅशनलचा बी-275. महिंद्रानं 1963 मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या साथीनं ट्रॅक्टरची कंपनी काढली ती याच मॉडेलसाठी, आणि महिंद्राच्या काही जुन्या डिझेल जीपांमध्ये बसलेलं इंजिनही त्याच घराण्यातलं.

"म्हणजे तसं बघितलं तर आपल्याला आपल्याच माणसानं बाहेर काढलं," मालक म्हणाला.

आजोबांनी दोरी गुंडाळली. "नात्यातलं असलं तरी डिझेलचं पाचशे द्या."

पोटासाठी फोर-व्हील चालवणाऱ्यांची गोष्ट निराळी. पावसाळा ओसरला की गोव्यात कुळे इथून दूधसागर धबधब्याकडे पर्यटकांच्या जीपा सुटतात. वाटेत भगवान महावीर अभयारण्याचं जंगल आणि नदीचे ओढे. पाणी चाकं बुडवतं, पर्यटक किंचाळतात, आणि ड्रायव्हर समोरून येणाऱ्या ड्रायव्हरला जेवण झालं का ते विचारत असतो. मालक अशा जीपमध्ये पर्यटक म्हणून बसला तेव्हा त्याच्या स्वतःच्या जीपला नुकताच स्नॉर्केल बसवला होता. पाणी दाबलं जात नाही, ते हवेच्या वाटेनं सिलिंडरमध्ये गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, म्हणून श्वासाची नळी छतापर्यंत वर न्यायची. ही नळी कर्वे रस्त्यावर आजवर फक्त पीएमपीच्या बसचा धूर ओढते.

"तुम्ही स्नॉर्केल लावत नाही?" त्यानं ड्रायव्हरला विचारलं.

"कशाक? पाणी कुठवर चढता ते माका ठाऊक आसा."

"आणि हब? प्रत्येक वेळी लॉक करता?"

"ते लॉकच आसतात. कोण रोज देवतलो?"

ओढा पार झाल्यावर ड्रायव्हरनं डावा पाय ब्रेकवर हलकेच ठेवून गाडी थोडी चालवली. ड्रम ब्रेक ओले झाले की धरत नाहीत, घासून वाळवावे लागतात. मालकानं ही गोष्ट पुस्तकात वाचली होती. ती प्रत्यक्ष होताना पाहून त्याला भरून आलं. धबधबा पाहिल्याचं मात्र त्याला आठवत नाही.

ताडोब्यातही असंच झालं. मारुतीची जिप्सी 1985 मध्ये आली आणि 2019 मध्ये सर्वसामान्यांसाठी बंद झाली, पण जंगलात तिचा दरारा पुढंही राहिला. छोटं इंजिन, हलकं अंग, चारही चाकांना पाटे. सफारीत सगळे उजवीकडे पाहत होते. मालक डावीकडे वाकून मागचा पाटा पाहत होता.

"साहेब, वाघ!" गाइड कुजबुजला.

"एक पान जास्त घातलंय वाटतं यात," मालक म्हणाला.

पंधरा वर्षं झाली की गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते. त्यासाठी चेसिसवर कोरलेल्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीनं ठसा घ्यायचा असतो. जुन्या जीपच्या बाबतीत हे पुरातत्त्वाचं काम आहे.

"नंबर दिसत नाही," अधिकारी म्हणाले.

"आहे साहेब, रंगाखाली."

"किती रंगाखाली?"

मालकानं पॉलिशपेपर घेतला. वरचा काळा रंग गेला, त्याखाली पोपटी निघाला, तो कुणाच्या कारकिर्दीतला हे मालकालाही ठाऊक नव्हतं. त्याखाली सरकारी पांढरा, आणि दाराजवळ 'पाणीपुर' एवढी अक्षरं. अधिकारी खाली वाकून पाहू लागले. वीस वर्षांपूर्वी ते स्वतः दुसऱ्या खात्यात कारकून असताना अशाच एका जीपमधून दौऱ्यावर जात होते. पुढचा अर्धा तास ठशाचा विषय मागं पडला. रांगेतल्या लोकांनी मात्र ती जीप, ते खातं आणि मालक या तिघांनाही काय वाटेल ते ऐकवलं.

रूप बदलून मिरवणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. हरियाणातल्या मंडी डबवालीला जुन्या कागदांवर जवळजवळ नवी जीप उभी करून देणारे कारागीर आहेत. रुंद टायर, चकचकीत बंपर, संगीतमय हॉर्न. सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये स्पष्ट केलं, की कंपनीनं नोंदवलेल्या मूळ रचनेला सोडून गाडीत बदल करता येणार नाहीत. आपला मालक यावर निश्चिंत आहे. त्याच्या गाडीत मूळ रचना कुठली हे न्यायालयालाही ठरवता येणार नाही, असं त्याला वाटतं.

शुल्काची गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. मोटारीच्या पुनर्नोंदणीला 2022 पर्यंत 600 रुपये लागायचे, त्याचे 5,000 झाले. ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते 10,000 झाले. वर पर्यावरण कर. लिलावात गाडी घेतलेली किंमत आणि हे शुल्क यांत आता फार अंतर उरलेलं नाही, असं मालक खासगीत सांगतो. घरी त्यानं दोन्ही आकडे सांगितलेले नाहीत.

असं मोठं बिल आलं की वर्षातून एकदा तो 'विकणे आहे' अशी जाहिरात देतो. गिऱ्हाईक येतं. तरुण असतं, गॉगल लावलेलं असतं.

"इंजिन कसंय?"

"थोडा धूर आहे. पण तो सकाळचा."

"सस्पेन्शन?"

"पाटे नवीन. तरी पाठीला लागतात. तुमचं घर कितव्या मजल्यावर? पार्किंग झाकलेलं आहे का? मेस्त्री कोण बघता?"

तरुण गोंधळतो. तो गाडी बघायला आलेला असतो आणि इथं त्याचीच मुलाखत चाललेली असते. मग तो चुकून म्हणतो, की घेतल्यावर याला मोठे ॲलॉय व्हील आणि टचस्क्रीन बसवणार. मालक चावी खिशात घालतो. "नाही, तुम्हाला झेपायची नाही ही." गिऱ्हाईक परत जातं. चहाचे कप उचलता उचलता पत्नी काही बोलत नाही. जाहिरातीचे पैसे तिनं वार्षिक खर्चात आधीच धरलेले असतात.

तेव्हा वाचकांना एकच विनंती. घाटात किंवा हमरस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी राहिलेली जुनी जीप दिसली तर जरूर थांबावं. पिण्याचं पाणी असेल तर रेडिएटरसाठी द्यावं, टॉर्च धरावा, गरज पडली तर टोचन करून गावापर्यंत सोडावं. फक्त "कुठलं मॉडेल हो हे?" असं विचारू नये. विचारायचंच असेल तर आधी घरी फोन करून जेवायला थांबू नका म्हणून सांगावं.